ब्रेकचा अध्याय

बिडीसाठी तेंदूची पानं खुडून अंगणात पसरली की त्यांना एक वास सुटतो. कच्चा, तुरट, थोडा ओल्या चामड्यासारखा. एप्रिल सरता सरता धानोऱ्यात तो घराघरातून यायला लागतो आणि मी ताट अर्धं टाकून उठते. घरच्यांना वाटतं, म्हातारीला ऊन लागलं. ते मला कैरीचं पन्हं पाजतात. मीही गप पिते. फुकट पन्हं मिळत असताना कशाला सांगत बसा, की बाबांनो, हे ऊन नाही, ही एक जुनी भीती आहे आणि तिला या पानांचा वास आहे.

यंदा त्यात नातीची भर पडली. तिने मामाची जुनी मोटारसायकल मागून आणलीय, स्वतःच नीट करणार म्हणते. परवा माझ्या नाकासमोर मोबाइल धरून म्हणाली, "आजी, हिच्या दुरुस्तीची तीन पुस्तकं दिसून राह्यली. कोणतं घेऊ?" पोरगी गंमत करत होती. माझा हात मात्र आपोआप पदराशी गेला. आमच्यापुढेही तीनच होती.

ते ऐंशीच्या दशकातलं एक वर्ष. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता, म्हणजे कागदावर. पुस्तक घ्यायचं तर अजून चंद्रपूरच गाठावं लागे. देवरावांनी माजरीकडच्या एका लिलावातून जुनी जीप आणली होती. देवराव म्हणजे माझे मालक. तेव्हा मी त्यांचं नाव घेत नसे, "अवो" म्हणत असे. आता लिहून टाकते. या वयात कोण अडवणार?

ती जीप बघून आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्या म्हणाल्या होत्या, "हिले दारं काऊन नाई?" देवराव म्हणाले, "माय, हवा येते." पानांच्या हंगामात ठेकेदाराला गाडी लागते. लांबच्या जंगलात बायकांना पहाटे नेऊन सोडायचं, दुपारी पानांच्या गाठोड्यांसकट परत आणायचं. हंगाम पंधरा-वीस दिवसांचा. तेवढ्यात गाडी बसली की सगळंच बसलं. म्हणून त्यांनी गाडी आधीच गडचिरोलीच्या एका मिस्त्रीला दाखवली. तो खाली सरपटत गेला, बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि म्हणाला, "भाऊ, हिचं तोंड एकीचं अन् पोट दुसरीचं. हिचं पुस्तक आना, मंग पाहू." एवढं सांगून तो लग्नांसाठी आपल्या गावी निघून गेला.

तर आम्ही दोघं एसटीने चंद्रपूरला. तिथलं ऊन कसं असतं ते मी सांगणार नाही, ज्याने खाल्लंय त्याला ठाऊक आहे. जटपुरा गेटाजवळ करीमचाचांचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. शाळेची पुस्तकं, पंचांगं, दिवाळी अंक आणि एका कोपऱ्यात कोळशाच्या धुळीने काळी पडलेली गाड्यांची पुस्तकं. चाचांनी तीन काढून फळीवर आपटली. धूळ उडाली, मी शिंकले.

पहिलं जाडजूड, इंग्रजी. निळं पुठ्ठ्याचं. त्यावर जीपचं चित्र, हुबेहूब आमच्या जीपचं तोंड. दुसरं मध्यम, तेही इंग्रजी, पण त्यात फक्त डिझेल इंजिन. चाकं नाहीत, स्टेअरिंग नाही, गाडीच नाही, नुसतं पोट. तिसरं पातळ, हिंदी, सगळ्या मोटारगाड्यांसाठी. देवरावांनी ते उघडलं. त्यांना हिंदी वाचता येत होतं, ते खूश झाले. मग त्यांनी एकेक प्रकरणाचा शेवट पाहिला. प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं, की यानंतरही बिघाड राहिला तर अनुभवी मिस्त्रीला भेटा.

"अन् मिस्त्री म्हणते पुस्तक आना," देवराव म्हणाले.

चाचांनी जाड पुस्तक पुढे सरकवलं. "भाऊ, ये लेव. इसमें स्क्रू तक का फोटो है."

"पन हे पेट्रोलवालीचं हाय ना, चाचा. आमच्या गाडीत कोनी तरी डिझेलचं इंजन बसवून ठेवलं."

"तो क्या हुआ? इंजन बदला, गाडी तो वही है ना. आदमी का दात बदला तो आदमी थोडी बदलता."

देवराव डोकं खाजवत राहिले. तोंडाचं पुस्तक घ्यावं की पोटाचं? की कुणाचंच नसलेलं हिंदी? इथे ती सुमन पुढे झाली. सुमन म्हणजे मी, तेव्हाची. मॅट्रिक पास, बालवाडीची बाई, नव्या साडीची घडी अजून न मोडलेली. तिने जाड पुस्तक हातात घेतलं, मधलंच पान उघडलं आणि इंग्रजीतलं एक वाक्य मोठ्याने वाचलं. अर्थ तिला कळला नव्हता. पण दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, आणि झालं. "हेच घेऊ," सुमन म्हणाली. "मी वाचून सांगीन."

आज मला ती समोर दिसली तर तिच्या वेणीला एक हिसका देईन.

परतीच्या गाडीत तिने पुस्तक मांडीवर उघडलं. तीन शब्दांतला एक कळत होता, तोही 'आणि', 'चे', 'वर' असल्यापैकी. मूल गावाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल लागलं, सागाची वाळली पानं उन्हात करकरत होती. देवराव खिडकीशी टेकून निवांत झोपले होते. आपल्या बायकोला सगळं वाचता येतं म्हणून झोपले होते. मी पुस्तक मिटलं आणि बालवाडीतला शब्दकोश किती जाड आहे ते आठवू लागले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. सारी वस्ती बसते, एक जण वाचतो, वाचता वाचता सोपं करून सांगतो. त्या काळात वाचणारी मीच. पहिल्या पानापासून सुरुवात, रोज थोडं थोडं, मधलं काही गाळायचं नाही, पुढचं आधी काढायचं नाही. आमच्या घरात देव नव्हते, नवस नव्हते, उपास नव्हते. पण ग्रंथ मधून वाचायचा नाही, हे मात्र पक्कं होतं.

आणि आत्याबाईंनी त्या निळ्या पुस्तकाची जाडी बघितली. त्यांनी पाट मांडला, पाटावर पांढरं धुतलेलं कापड घातलं आणि पुस्तक त्यावर ठेवलं.

"आत्याबाई, हे गाडीचं हाय," मी म्हटलं.

"ग्रंथ तं हाय ना? बस मंग. सुरू कर पयल्या पानापासून."

मला हसू आलं होतं. हसले नाही, कारण खरं सांगायचं तर मला सोयीचंच होतं. पहिल्या पानापासून म्हणजे अवघड गोष्टी लांब. दिवस मावळायच्या वेळी अंगणात वाचन सुरू झालं. शेजारच्या भिमाबाई यायच्या, पानांचे पुडे बांधता बांधता ऐकायच्या. आणखी दोघी-तिघी यायच्या. मी बालवाडीतला शब्दकोश पदराखाली घेऊन बसायची आणि जिथे अडेल तिथे आवाज चढवायची. आवाज चढला की लोकांना वाटतं अर्थ लागला.

इंजिनाची प्रकरणं सगळी पेट्रोलची. आमच्या गाडीला त्यातलं निम्मं लागू नव्हतं, तरी वाचलं. कार्बोरेटर कसा साफ करावा ते मी इतकं छान सांगितलं की देवराव कंदील घेऊन उठले, बॉनेटमध्ये डोकं घालून शोधू लागले. कार्बोरेटर काही मिळेना. डिझेलच्या गाडीला तो नसतोच, हे आम्हाला कुणाला माहीत? देवराव घाम पुसत परत आले.

"चोरीला गेला," ते हळू आवाजात म्हणाले. "लिलावातच कोनी तरी काढून घेतला."

सगळे गंभीर झाले. आत्याबाईंनी त्या अज्ञात चोराला दोन शिव्या दिल्या. भिमाबाई पुडा बांधत म्हणाल्या, "नाई तं नाई. त्याच्याबिगर चालते ना गाडी? मंग कायले पायजे?" मी पान उलटलं.

असं हसत-खेळत चाललं होतं म्हणावं, तर तसं नव्हतं. माणसाला भीती वाटते तेव्हा ती एका जागी बसत नाही. तेंदूच्या दिवसांत आमच्याकडे वाघाची भीती असतेच. बाई वाकून पानं खुडते, वाघाला ते जनावर वाटतं. म्हणून बायका एकमेकींना हाका मारत राहतात, जंगलभर "ओ" आणि "ओ" चालू असतं. ही भीती साऱ्या गावाची, ती वाटून घेता येते. माझी वेगळी होती. पहाटे जीप सुरू व्हायची, ढॉक ढॉक करत अंगण हलायचं, मागे गाडीभर बायका एकमेकींच्या मांडीवर. पुढे भिमाबाई, पायाशी पाण्याची भांडी. देवराव मला हात करायचे. आदल्या संध्याकाळी मी जे सांगितलं ते करून, नट आवळून, तेल घालून ते निघालेले असायचे. मला वाटायचं, या सगळ्या बाया गाडीत बसलेल्या नाहीत, त्या माझ्या जिभेवर बसल्यात. मी एक शब्द चुकीचा सांगितला असेल तर? 'आवळा'च्या जागी 'सैल करा' म्हटलं असेल तर? दिवसभर बालवाडीत पोरांना गाणी शिकवताना मी मनातल्या मनात कालचं पान परत वाचत असायची.

नातीला हे सांगितलं तर म्हणते, "आजी, आता व्हिडिओ असतो. तो दाखवून देते." असेल बाई. पण व्हिडिओ दाखवणाऱ्याला रात्री झोप लागत असेल. तो तुझ्या मागे बसणार नाहीये.

हंगाम अर्ध्यावर आला तेव्हा एका संध्याकाळी भिमाबाई पाणी भरताना मला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या मालकाची गाडी थांबते कमी अन् दम जास्त खाते."

"म्हनजे?"

"ब्रेकचा पाय खाली जाते. दोन-तीन डाव मारला का मंग थांबते."

मी घरी येऊन विचारलं. देवराव जेवत होते. "जुनी गाडी हाय," म्हणाले. "तेवढं चालतेच. रोज थोडं ब्रेकचं तेल टाकून राह्यलो ना मी." आणि वर माझ्याकडे बघून हसले, "ब्रेकचा अध्याय आला का मंग पाहू, मास्तरीनबाई."

ब्रेकचा अध्याय कुठे होता? मी अनुक्रमणिका पाहिली. क्लच, गिअर, मागचा आस, पुढचा आस, स्टेअरिंग, आणि मग ब्रेक. आम्ही क्लचवर होतो. त्या संध्याकाळी मी चाचरत म्हटलं, "आत्याबाई, आज जरा पुढचं वाचू का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विहारात चपला घालून शिरले. "ग्रंथ हाती घेतला का मंधातून नाई वाचाचा. वाचलं तं मागचं वाया जाते, पुढचं लागत नाई."

मी क्लच वाचला. हेही सांगते, त्यांच्या धाकाने वाचला असं नाही. मला स्वतःलाच वाटत होतं, की मधूनच पान काढलं आणि काही झालं तर ते माझ्यामुळे. भित्र्या माणसाला नियम फार आवडतात. पुढे गिअर वाचले. मागचा आस वाचला. रोज पहाटे जीप जायची, रोज दुपारी ती येईपर्यंत मी तिच्या आवाजासाठी कान देऊन असायची. एसटी आली तरी उठायची, ट्रॅक्टर आला तरी उठायची. पोरं म्हणायची, "बाई, तुमी काऊन उठता?"

गावाकडे येताना वाटेत एक मोठा उतार होता. खाली नाल्यावर अरुंद पूल, कठडा नसलेला. मला दिवसाढवळ्या तो उतार दिसायचा. भिंतीवरच्या फळ्यात दिसायचा, भाताच्या पातेल्यात दिसायचा.

आणि मग एका दुपारी, पोरं घरी गेल्यावर, रिकाम्या बालवाडीत मी निळं पुस्तक उघडलं. मधून. ब्रेकचं पान काढलं. भुतासारखं काही अंगावर आलं नाही. साधं, सरळ इंग्रजी होतं, इतके दिवस वाचून मला आता बरंच लागतही होतं. लिहिलं होतं: पॅडल खाली जात असेल आणि पुन्हा पुन्हा दाबल्यावरच घट्ट होत असेल, तर नळ्यांत हवा शिरली आहे. तेल कुठे गळतं ते शोधा. आणि खाली जाड अक्षरांत: अशी गाडी चालवू नये.

मी ते वाक्य परत वाचलं. शब्दकोश उघडला नाही, गरजच नव्हती. गाडी पहाटेच गेली होती.

पुस्तक काखोटीला मारून मी निघाले. आत्याबाई दारात होत्या. "कुठी चालली वो, एवढ्या उनाची?"

"मंधातून वाचलं मी, आत्याबाई," एवढंच बोलले आणि चालू लागले. त्या मागून काहीतरी म्हणाल्या, ते मी ऐकलं नाही.

उताराच्या पायथ्याशी नाल्याजवळ एक मोह होता. त्याच्या सावलीत उभी राहिले. वारा नाही, पाखरू नाही. त्या सुमनने काय ठरवलं होतं सांगू? गाडी सुसाट आली तर आपण आडवं उभं राहायचं. जणू तिच्या पाच फुटांना बघून जीप लाजून थांबणार होती. आता हसू येतं. तेव्हा मात्र मी खरोखर रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले होते, पुस्तक छातीशी धरून.

वरून आधी आवाज आला. इंजिनाचा नव्हे. काहीतरी जड जमिनीवरून फरफटत येत होतं, खरखर, खरखर, मध्येच दगडावर आपटत. वळणावर धुरळा उठला. धुरळ्यातून जीप निघाली, बैलगाडीच्या चालीने, आणि तिच्या मागे साखळीला बांधलेला एक अख्खा ओंडका, फांद्यांसकट. त्याच्याही मागे साऱ्या बायका, डोक्यावर गाठोडी घेऊन पायी.

माझे सासरे लाकडाच्या बैलबंड्या हाकायचे. भरलेली बंडी उतारावरून आणताना बैलांच्या मानेवर भार येऊ नये म्हणून मागे असा ओंडका बांधत. देवरावांनी ते लहानपणी पाहिलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं. रोज माहीत होतं. रोज उताराच्या माथ्यावर गाडी थांबवून, बायकांना उतरवून, ओंडका बांधून ते असे खाली येत होते, पुलापलीकडे ओंडका सोडत होते आणि सगळ्यांना परत बसवून हसत गावात शिरत होते. आणि गाडीभर बायकांपैकी एकीनेही मला ओंडक्याचं सांगितलं नव्हतं.

मी रस्त्यातून बाजूला झाले. त्यांना बघून धीर येईल असं वाटलं होतं, उलट मी मोहाच्या बुंध्याला टेकले. इतके दिवस मी ज्याला घाबरत होते ते खरं होतं.

गाडी पूल ओलांडून थांबली. देवरावांनी माझ्या हातातलं पुस्तक बघितलं.

"असं काऊन केलं?" मी विचारलं. "सांगाचं नाई मले?"

"तू घाबरली असती."

"मी घाबरलेलीच होती."

"अन् ब्रेकचा अध्याय येनारच होता ना," ते म्हणाले. "दोन-तीन दिवसांचा तं सवाल होता."

भिमाबाईंनी गाठोडं खाली टेकवलं. "वहिनी, आता आल्याच हा तं वाचा. आमी बसतो."

तिथेच, मोहाच्या सावलीत, मी ब्रेकचा अध्याय वाचला. खाली पाट नव्हता, पांढरं कापड नव्हतं. आवाजही चढवला नाही. जे कळलं नाही ते "हे मले नाई समजलं" असं म्हणाले, परत वाचलं, शब्द शोधला. देवराव गाडीखाली. मागच्या चाकापाशी नळीचा एक जोड ओला सापडला, तो त्यांनी आवळला. मग हवा काढायची. त्याला एक माणूस खाली लागतो आणि एक पॅडलवर. खालचे ते होते. पॅडलवर बसायला सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं.

मी ड्रायव्हरच्या जागेवर चढले. आयुष्यात पहिल्यांदा. पुस्तक मांडीवर, पाय पॅडलवर.

"दाब," खालून आवाज यायचा. मी दाबायची. "धरून ठेव." मी धरायची. "सोड." सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, मग त्याच्या जवळचं. चाकाला लावलेल्या नळीतून काचेच्या बाटलीत बुडबुडे येत होते, भिमाबाई वाकून बघत होत्या. "येऊन राह्यले अजून. येऊन राह्यले. आता नाई." माझ्या तळपायाखाली जे इतके दिवस लोण्यासारखं होतं ते हळूहळू दगड होत गेलं. पायाला असं कळतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

ऊन कलायला लागलं होतं. देवरावांनी हात पुसले. "वरती नेऊन पाहून येतो," म्हणाले. "ओंडक्याबिगर."

मी उतरले नाही. बाजूच्या जागेवर सरकले.

"उतर, सुमन."

"मी वाचलं. मी बसते."

"पोरगी आइकत नाई," ते भिमाबाईंना म्हणाले. भिमाबाई म्हणाल्या, "नेऊन टाका."

गाडी उताराच्या माथ्यावर गेली, वळली. वरून पूल आगपेटीएवढा दिसत होता आणि त्याच्यापलीकडे मोहाखाली साऱ्या बायका उभ्या. देवरावांनी गाडी सोडली. ती वेग घ्यायला लागली तसं झाडांचं हिरवं एकमेकांत मिसळलं. माझं बोट अजून त्या पानावर होतं, कागद घामाने चिकटला होता. पहिलं वळण गेलं. देवरावांनी पाय दाबला, एकदाच.

गाडी थांबली. उताराच्या मध्यावर, जिथे आजवर ती कधीच थांबली नव्हती. पुढे सरकली नाही, मागे हलली नाही. धुरळा आमच्या पुढे निघून गेला.

मी म्हटलं, "चला आता."

"थांब जरा." त्यांनी पाय उचलला नाही. "मले भेव लागून राह्यला."

"आता? आता तं थांबली गाडी."

"आतापरेंत टाइमच नव्हता," ते म्हणाले.

खालून भिमाबाईंची हाक आली, "येता का आमी पायीच जाऊ?" मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. स्थिर होती ती तेवढी गाडी.